विसरलेले पहिले घर

गेल्या माघात आमच्या धाकट्या मुलीचे डोहाळजेवण झाले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजविलेला झोपाळा, दोन वाट्यांखाली झाकलेले पेढा आणि बर्फी, सारे यथासांग झाले. जेवणे आटोपल्यावर मुलीने पर्समधून एक कागद काढला. सोनोग्राफीच्या यंत्राने टिपलेले पोटातल्या बाळाचे ते चित्र होते. ते हातोहात फिरले. कोणाला त्यात आजोबांचे नाक दिसले, कोणाला काकांचे कपाळ. मला, खरे सांगायचे तर, आषाढातल्या आभाळाचा एक तुकडाच काय तो दिसला. शेवटी कागद माझ्या आईच्या हाती गेला. तिने वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली आहेत. तिने तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. मग खुर्ची नातीजवळ ओढून ती तिच्या पोटाशी वाकली आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावे तशा आवाजात म्हणाली, ‘‘ऐकतंय ना गं माझं सोनं? मी पणजी बोलतेय.’’

सगळे हसले. मीही हसलो. परंतु त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. गर्भातल्या जिवाकडे जाण्याच्या दोन वाटा त्या दुपारी आमच्या दिवाणखान्यात समोरासमोर उभ्या होत्या. एक पाहण्याची आणि दुसरी बोलण्याची. गेल्या साठएक वर्षांत जगातल्या काही कलावंतांनी हाच विषय हाती घेतला आहे. त्यांनी कोणती वाट धरली आणि ती त्यांना कोठवर घेऊन गेली, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

विषय मोठा विलक्षण आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने हे नऊ महिने काढले आहेत. ह्या अनुभवापासून राजा सुटला नाही आणि रंकही नाही. तरीही तो अनुभव एकालाही आठवत नाही. प्रेम, विरह, मृत्यूचे भय ह्यांविषयी कवी लिहितो तेव्हा वाचक आपल्या आठवणीशी ते ताडून पाहतो. येथे ताडून पाहायला आठवणच नाही. अभिमन्यूची कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो, तिचे एक कारण हेच असावे. निदान एक मूल तरी असे होते, की ज्याने तेथले काही बरोबर आणले! आणि देवळातल्या सर्वांत आतल्या, सर्वांत अंधाऱ्या खोलीला आपल्या पूर्वजांनी गर्भगृह हे नाव दिले, तेही उगीच नव्हे.

ज्या कलाकृतींविषयी मी लिहिणार आहे त्यांना मराठीत आता मांडणशिल्प म्हणतात. ती भिंतीवर टांगायची नसतात, चौथऱ्यावर ठेवायची नसतात. एखादी जागाच रचलेली असते आणि पाहणाऱ्याने तीत शिरायचे असते. काही ठिकाणी तर वस्तूही गौण. माणसांनी एकत्र येऊन केलेली कृती हीच कलाकृती ठरते. अशा कलेविषयी आपल्याकडचा सुशिक्षित माणूस सहसा दोनच प्रकारे बोलतो. एक तर ‘छे, ही कसली कला!’ म्हणून ती उडवून लावतो, नाही तर न समजता मान डोलावतो. मी बरीच वर्षे पहिल्या वर्गात होतो. आजही मी दुसऱ्या वर्गात गेलेलो नाही, एवढी खात्री वाचकांनी बाळगावी.

आरंभ एका छायाचित्रापासून करावा लागतो. ३० एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने लेनार्ट निल्सन ह्या स्वीडिश छायाचित्रकाराने टिपलेली गर्भाची रंगीत चित्रे छापली. मुखपृष्ठावर अठरा आठवड्यांचा गर्भ होता. भोवती पारदर्शक आवरण, मागे काळोख. अंतराळात तरंगणाऱ्या प्रवाशासारखा तो दिसे. जग थक्क झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या चित्रमालेतले बहुतेक गर्भ उदरात नव्हतेच. ते बाहेर आलेले, जगू न शकलेले गर्भ होते. जीवनाच्या आरंभाचे म्हणून जे चित्र घरोघर गेले, ते बरेचसे मरणाचे चित्र होते. दुसरी गोष्ट त्याहून सहज नजरेआड होणारी आहे. त्या चित्रांत आई कोठेच नाही. तिच्या जागी नुसता काळोख आहे.

पुढच्याच वर्षी, त्याच स्वीडनमध्ये, त्या काळोखाला कोणी तरी आकार दिला. स्टॉकहोमच्या ‘मॉडर्ना म्युझेट’ ह्या संग्रहालयात जून १९६६ मध्ये एक अवाढव्य बाई उताणी निजली होती. तिचे नाव ‘हॉन’. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ ‘ती’. ती गरोदर होती, सुमारे २८ मीटर लांब होती आणि तिच्या अंगावर भडक रंगांचे पट्टे होते. निकी द सां-फाल ह्या फ्रेंच-अमेरिकन कलावतीने आपले सहकारी ज्यां टिंगेली आणि पेर ओलोफ उल्टव्हेट ह्यांना बरोबर घेऊन ती पडद्याआड, गुपचूप उभारली होती. लोक तिच्या पोटात जात ते तिच्या जन्मद्वारातून, म्हणजे ज्या वाटेने आपण सारे एकदाच आणि उलट दिशेने येतो, त्या वाटेने. आत एकदम गर्दी होऊ नये म्हणून तेथे रस्त्यावर असतात तसे हिरवे-तांबडे दिवे लावले होते! आत काय नव्हते? एका स्तनात दुधाचे दुकान, दुसऱ्यात तारांगण, सोनेरी मासे, छोटे चित्रपटगृह, मुलांसाठी घसरगुंडी. तीन महिन्यांत लाखाच्या घरात माणसे आत जाऊन आली. मग ती मोडून टाकण्यात आली; मस्तक तेवढे राखले गेले.

ह्या शिल्पाची छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा माझ्यातला पापभीरू मध्यमवर्गीय मनुष्य दचकला, हे कबूल केले पाहिजे. पण चित्रांतल्या माणसांचे चेहरे पाहिले आणि दचकणे ओसरले. त्यांत चोरटेपणा नाही. जत्रेत आलेल्या माणसांचे चेहरे आहेत ते. आणि मग आठवली ती आपली लज्जागौरी. मस्तकाच्या जागी कमळ असलेली, प्रसूतीच्या अवस्थेत बसलेली ती देवी दख्खनच्या मातीत ठिकठिकाणी सापडली आहे. रा. चिं. ढेरे ह्यांनी १९७८ साली तिच्यावर मराठीत एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. जे आपण हळदकुंकू वाहून पूजिले, ते स्टॉकहोममध्ये रंगवून ठेवलेले पाहून आपण नाक का मुरडावे?

‘हॉन’मध्ये उणे काहीच नाही काय? आहे. ती आनंदी आहे, उदार आहे, पण ती इमारत आहे. ती निजली आहे; ती काही करीत नाही, काही म्हणत नाही. लोक तिच्यात येतात, दूध पितात, तारे पाहतात आणि निघून जातात. गर्भाचा अनुभव म्हणून ह्या शिल्पात जो मिळतो तो खरे पाहता माहेरपणाचा अनुभव आहे. सारे आयते, सारे गोड. शिवाय आत गेलेला मनुष्य आपले डोळे, आपली समज, आपला चावटपणा सगळे घेऊनच आत जातो. तो लहान होतो, पण केवळ मापाने.

पुढे ह्याच निकीबाईंनी इटलीत, तोस्काना प्रांतात, टॅरोच्या पत्त्यांवर आधारलेले एक शिल्पोद्यान रचले. ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. त्यातल्या ‘सम्राज्ञी’ ह्या स्त्रीरूपी शिल्पाच्या पोटात, बांधकाम चालू असताना, त्या स्वतः कित्येक वर्षे राहिल्या. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोपणे. कल्पनेने रचलेल्या आईच्या कुशीत बाईने खरोखरीचा संसार मांडावा, ही गोष्ट मला ‘हॉन’पेक्षाही अधिक बोलकी वाटते. २००२ साली त्या निवर्तल्या.

आता स्टॉकहोमहून रिओ द जानेरोला जाऊ. १९६८ साली तेथील आधुनिक कलासंग्रहालयात लिजिया क्लार्क ह्या ब्राझीलच्या कलावतीने एक रचना मांडली. तिचे नाव ‘घर म्हणजे शरीर’. त्याच वर्षी ती व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातही होती. लांबी सुमारे ८ मीटर, आणि टप्पे चार : प्रवेश, बीजधारणा, अंकुरण आणि उत्सर्जन. येथे बाहेरून बाई दिसत नाही. मांड्या नाहीत, स्तन नाहीत, रंगीत पट्टे नाहीत. ताणलेल्या रबरी पट्ट्या अंगाने बाजूला सारीत अंधारात शिरायचे, फुग्यांच्या गर्दीतून चाचपडत पुढे सरकायचे, मध्यभागी पारदर्शक प्लास्टिकच्या थेंबासारख्या आवरणात थांबायचे आणि शेवटी केसांसारख्या लोंबत्या तंतूंमधून वाट काढीत उजेडात यायचे. बाहेर पडल्यावर समोर वेडावाकडा दाखविणारा आरसा.

निकीबाई आणि लिजियाबाई ह्यांच्यातला फरक येथे स्पष्ट होतो. एकीने गर्भाशय डोळ्यांना दाखविले; दुसरीने डोळ्यांचे काम काढून घेतले. जन्माला येण्यापूर्वी आपल्याला डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नव्हताच. जे होते ते अंगाला लागणारे : दाब, ऊब, हालचाल. लिजियाबाईंनी ही गोष्ट ओळखली आणि सारा भरवसा त्वचेवर टाकला. म्हणूनच त्यांच्या रचनेविषयी छायाचित्रे पाहून लिहिताना मला संकोच होतो. पदार्थाची पाककृती वाचून चवीचा निवाडा द्यावा, तसे ते आहे. पण अशा संकोचातूनही एक गोष्ट हाती लागते. एखाद्या कलाकृतीचे छायाचित्र जितके पोकळ वाटते, तितका तिचा प्राण डोळ्यांव्यतिरिक्त कोठे तरी असतो. ‘हॉन’ची चित्रे भरगच्च आहेत; ‘घर म्हणजे शरीर’ची चित्रे प्लास्टिक आणि रबर ह्यांच्या गोदामासारखी दिसतात.

तो अनुभव कसा असेल ह्याची पुसट कल्पना मला घारापुरीने दिली. भर दुपारच्या उन्हातून लेण्यात शिरावे, त्रिमूर्तीकडे जाण्याआधी उजव्या हाताला चार दारांच्या गर्भगृहापाशी यावे, पायऱ्या चढून आत पाऊल टाकावे. डोळ्यांना अंधार समजेपर्यंत काही क्षण जातात. तेवढ्या क्षणांत आपले वय, आपले नाव, आपला हुद्दा सगळे बाहेरच्या द्वारपालांपाशी राहिलेले असते. आपण नुसते एक ऊबदार, श्वास घेणारे काही तरी असतो. मला तेथे आठवण झाली नाही. आठवण होणे शक्यच नव्हते. पण आठवण जेथून सुरू होते त्याच्या अलीकडे काही होते, एवढी जाणीव मात्र झाली. चांगले मांडणशिल्प ह्याहून अधिक काही देऊ शकत नाही, आणि एवढे दिले तरी ते पुष्कळ आहे.

तथापि लिजियाबाईंच्या ह्या घरातही माणूस एकटाच आहे. आई भिंत झाली आहे, फुगा झाली आहे, केस झाली आहे. आणि शेवटी आरशात भेटतो तोही आपणच! गर्भावस्था म्हणजे एका जिवाची एकट्याची यात्रा, ही समजूत येथेही कायमच आहे. लिजियाबाई स्वतः तीन मुलांच्या आई होत्या. त्यांना हे उणेपण जाणवले असावे, असे त्यांच्या पुढच्या कामावरून मला वाटते. १९७२ ते १९७६ ह्या काळात पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात शिकविताना त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन काही प्रयोग केले. त्यांतला १९७३ चा एक प्रयोग ‘बोगदा’ ह्या नावाचा. ताणणाऱ्या कापडाची सुमारे ५० मीटर लांबीची नळी. तीत अनेकांनी शिरायचे आणि सरपटत पुढे जायचे. कापड अंगाला घट्ट लपेटते, श्वास कोंडल्यासारखा होतो. आणि मग लिजियाबाईंनी कापडाला दिलेल्या छेदातून माणूस बाहेर येतो, जणू पुन्हा जन्मतो.

मला ह्या विषयावरच्या साऱ्या कामांत हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण एवढेच, की येथे पलीकडे कोणी तरी आहे. कापडाला छेद देणारा हात आहे. पुढे-मागे सरपटणारी दुसरी माणसे आहेत. एकाच्या हालचालीने दुसऱ्याच्या अंगावरचे कापड ताणते. जन्म ही एकट्याने करायची गोष्ट नाही. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. हे साधे सत्य २८ मीटरच्या बाईला सांगता आले नाही, ते साध्या कापडाच्या नळीने सांगितले. त्यानंतर लिजियाबाई कलेच्या बाजारापासून दूर होत गेल्या. रिओला परतल्यावर उशा, दगड, पाण्याच्या पिशव्या अशा साध्या वस्तू माणसांच्या अंगावर ठेवून त्यांच्या मनाला आराम देण्याचे काम त्यांनी आरंभिले. १९८८ साली त्या वारल्या. ती कला की चिकित्सा, ह्यावर पंडितांचा वाद अजून चालू आहे. आपण त्यात पडण्याचे कारण नाही. सुईणीला कलावंत म्हणावे की वैद्य, हा वाद आपल्या आजीने कधी घातला नव्हता.

तिसरे नाव आपल्या मुंबईचे. अनीश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मले आणि लंडनमध्ये नावारूपाला आले. १९९२ साली त्यांनी केलेल्या एका कामाचे नाव ‘मी गरोदर असतो तेव्हा’ असे मराठीत सांगता येईल. पुरुषाने हे नाव द्यावे ह्याची गंमत वाटते, पण काम गंभीर आहे. एक पांढरी भिंत. समोर उभे राहिले तर भिंतीवर काही म्हणता काही दिसत नाही. बाजूला सरकावे तो भिंतीला पोट आलेले दिसते! दिवस गेलेले दिसून येण्यापूर्वीची जी अवस्था, जी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईलाच चालण्यावरून कळते, ती ह्या भिंतीत आहे. इतक्या थोडक्यात इतके सांगणारे दुसरे शिल्प मला ठाऊक नाही. २०११ साली पॅरिसच्या ‘ग्रां पाले’त त्यांनी हवेने फुगविलेले ३५ मीटर उंचीचे ‘लेव्हायथन’ उभे केले. त्याच्या आत शिरले की चोहीकडे रक्तवर्ण उजेड. आत असेपर्यंत त्याचा बाहेरचा आकार कसा असेल ह्याचा अंदाज येत नाही. हे मात्र अगदी खरे आहे. गर्भात असताना आईचा चेहरा कसा आहे हे कोणाला ठाऊक असते?

पण कपूरांच्या भिंतीलाही वेदना नाही, उलट्या नाहीत, रात्रीची तळमळ नाही. आईची बाजू मांडण्यासाठी आईच यावी लागली. मेरी केली ह्या अमेरिकन कलावतीला १९७३ साली मुलगा झाला आणि तेव्हापासून १९७९ पर्यंत तिने मुलाच्या लंगोटांवरचे डाग, त्याचे पहिले बोल, पहिली अक्षरे ह्यांच्या नोंदी ठेवून ‘प्रसूतीनंतरचा दस्तऐवज’ नावाची मोठी मालिका केली. १९७६ साली लंडनमध्ये त्यातला काही भाग मांडला तेव्हा वर्तमानपत्रांनी लंगोटांवरून गदारोळ केला. रोज दहा लंगोट धुणाऱ्या बाईला त्या गदारोळाचे हसू आले असते. केलीबाईंचे काम जन्मानंतरचे आहे, आणि ते काहीसे रुक्षही आहे. परंतु त्यात आई ही जागा नाही, ती माणूस आहे. ती पाहते, लिहिते, घाबरते.

कोणी म्हणेल, हा सारा दूरदेशीच्या चित्रशाळांतला प्रश्न. आई दिसली काय आणि न दिसली काय, आपल्याला त्याचे काय? आपल्यालाच त्याचे सर्वांत अधिक आहे. गर्भाकडे पाहण्याची सोय झाली आणि आपण काय केले? पोटात मुलगी आहे असे यंत्राने सांगितले की तिची वाट तेथेच संपविली. हे इतके वाढले, की १९८८ साली महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. नुसते पाहणे निरुपद्रवी नसते. ज्या नजरेत आई काळोख होऊन जाते, त्या नजरेला तिच्या पोटातली मुलगी नको असलेली वस्तू वाटायला वेळ लागत नाही. म्हणून जी कला आपल्याला गर्भाकडे पाहायला न लावता गर्भाच्या जागी नेऊन ठेवते, डोळे मिटायला लावून तेथला दुबळेपणा अंगावर घ्यायला लावते, तिला मी नुसता चमत्कार म्हणणार नाही. तिच्यापाशी एक माणुसकीचे शिक्षण आहे.

मात्र ह्या साऱ्या कामांत मला एक गोष्ट सापडत नाही, आणि ती म्हणजे आवाज. गर्भाचे डोळे जवळजवळ निरुपयोगी असले तरी शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे कान काम करीत असतात. अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर ह्यांनी १९८० साली दाखवून दिले, की नवजात बालके परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स ह्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. गरोदर स्त्रियांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मानंतर त्यांची बाळे त्या ओळखीच्या गोष्टीला अनोळखी गोष्टीपेक्षा अधिक मान देताना आढळली. चक्रव्यूह नव्हे, पण एका गोष्टीची लय तरी बाळांनी बरोबर आणली होती! तेव्हा ज्याला आपण सर्वस्वी विसरलेले घर म्हणतो, त्यातून एक वस्तू आपण बाहेर आणतो. ती म्हणजे भिंतीपलीकडून आलेली हाक. रबर, प्लास्टिक, रंग, हवा ह्यांतून गर्भगृहे उभारणाऱ्या ह्या थोर कलावंतांनी भिंती उत्तम बांधल्या. ती हाक मात्र त्यांच्या भिंतींतून ऐकू येत नाही. कोणा तरुण कलावंताला हे आव्हान घ्यावेसे वाटले, तर आपल्याकडच्या डोहाळजेवणाच्या गाण्यांत त्याला पुष्कळ सामग्री मिळेल.

जाता जाता, त्या दुपारचे उरलेले सांगतो. मुलीने उचललेल्या वाटीखाली पेढा निघाला होता आणि मंडळींनी मुलगा म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. वैशाखात घरी आली ती बर्फी! आता ती सहा महिन्यांची आहे. सोनोग्राफीचा तो कागद कोठल्या तरी फायलीत आहे. खोलीत दहा माणसे बोलत असली तरी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून पणजीचा आवाज आला, की ती मान वळवून बघते. त्याला शास्त्रीय आधार काय, असे मी आईला अजून विचारलेले नाही; आणि विचारणारही नाही.